खुणांचा डबा

प्रिय झाम्फिरा,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर न देताच मी "लाइन खरखरतेय, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. लाइन चांगली ठणठणीत होती. तू काही खुळी नाहीस, तुलाही ते कळलं असणार. तोंडाने सांगणं जमेना म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. सरळ उत्तरावर यायचं तर दोन ओळींत पत्र संपेल, आणि त्या दोन ओळी तुला अशा एकदम वाचायला लागू नयेत असं मला वाटतं. तेव्हा आधी सगळं सांगते. मी पाल्हाळ लावते म्हणून तू सूतगिरणीतही माझ्यावर वैतागायचीस. आज वैतागलीस तरी शेवटपर्यंत वाच.

तुझी लेक सोमवारी सकाळी शाळेतून गेली, आपली स्मरांडा. अठरा पूर्ण झाल्यावर शाळेत ठेवत नाहीत, हे तुला कळवलंच होतं. डोंगरापलीकडे मोठ्या माणसांचा आश्रम आहे, तिकडे नेलं. तब्येत चांगली आहे. उंची आता माझ्याहून वीतभर जास्त, आणि केस अगदी तुझे, विंचरायला घेतले की कंगव्याशी भांडणारे. हिवाळ्यात दाढ दुखत होती ती काढून टाकली. दंतवैद्याच्या अंगठ्याला तिने असा काही चावा घेतला की तो अंगठा चोखत म्हणाला, "बाकीचे दात हिचे उत्तम आहेत, काळजी नको." तू पाठवलेले बूट पोचले. दर वेळी पाठवतेस तसे एका मापाने लहान आहेत. मी ते दुसऱ्या मुलीला देऊन टाकले. तुझ्या मनात तिचा पाय वाढलेलाच नाही, त्याला मी काय करू.

शाळेची रीत तुला नीट आठवत नसेल. पहिल्या दिवशी तुदोसेबाईंनी तुला सगळं समजावून सांगितलं होतं, पण तू रुमाल तोंडात कोंबून रडत होतीस आणि बाई बिचाऱ्या भिंतीशी बोलत होत्या. नंतर आलीस ती पाहुणीसारखी, चार दिवस. म्हणून पुन्हा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्या लेकरांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांना 'आता जेवण, मग झोका' हे कसं सांगायचं? तर प्रत्येकाच्या पलंगाशी भिंतीला खणांची एक लांब फळी असते. पहिल्या खणात चमचा, पुढे कंगवा, मग लोकरीचा गुंडा, झोक्याच्या साखळीचा तुकडा, टॉवेलची चिंधी. मूल हाताने चाचपत आपला दिवस वाचतं. एक गोष्ट झाली की ती वस्तू झाकणाच्या टोपलीत टाकायची आणि तळव्याने तळवा पुसायचा, म्हणजे झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टोपलीतून सगळं काढून पुन्हा मांडतात. तिथे संपलेलं रोज परत येतं.

माणसांचंही तसंच. प्रत्येक मोठ्या माणसाची एक खूण असते, ती अंगावर बाळगायची आणि मुलाजवळ गेल्यावर आधी त्याच्या हाताला लावायची. ओळखायला ती पोरं आपल्याला वासावरूनही ओळखतात, मी साबण बदलला तरी स्मरांडा नाक मुरडायची. पण खूण हातात देणं म्हणजे शब्द देणं, की मी आले आहे आणि आता तुझ्यासाठी आहे. तुदोसेबाईंची खूण म्हणजे काचेच्या मण्याची अंगठी. फाटकावरच्या पेत्राकेने खूण घ्यायला साफ नकार दिला. म्हणाला, "एवढी मिशी देवाने दिली आहे ती काय कोबी झाकायला?" तेव्हापासून शाळेतलं प्रत्येक पोर येता-जाता त्याची मिशी ओढतं आणि तो शिव्या देत वाकतो. माझी खूण म्हणजे जाड्या लोकरीचा मनगटपट्टा, आपल्या गिरणीतल्या शेवटच्या सुताचा, त्याला मध्ये एक गाठ. झिजला की मी तस्साच दुसरा विणायची, गाठ त्याच जागी.

आणि जे गावाला गेलेत पण येणार आहेत, त्यांच्यासाठी डबा. स्मरांडाचा डबा कुठला ते तुला ठाऊक आहे, तूच पहिल्या दिवशी त्यात वेफर बिस्किटं भरून आणली होतीस. निघताना तू केसांतली क्लिप काढून तिच्या हातात दिलीस, ती एक दात तुटलेली, आपण जत्रेत घेतलेली. बाईंनी ती तिच्याच हाताने डब्यात ठेवून घेतली. डब्यात म्हणजे गेलीये, येईल.

तिसरी जागा मागच्या अंगणातला अक्रोड. ती रीत आधी नव्हती. दोन हिवाळ्यांमागे स्वयंपाकीण परास्किवा वारली. तिची खूण कोठीच्या किल्ल्यांची कडी. ती कडी काय करायची? टोपलीत टाकली तर मुलं दुसऱ्या दिवशी तिची वाट बघणार, डब्यात टाकली तर वर्षभर बघणार. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत त्या विचाराने. शेवटी परास्किवाच्या बहिणीने मेलेल्यांसाठी करतात ते गोड गहू करून आणले, प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक एक मूठ दिली, मग सगळ्यांना अक्रोडाखाली नेलं. खड्ड्यातली कडी हाताला लावून दिली आणि वर माती लोटायला लावली. स्मरांडा त्यानंतर काही दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन चाचपून यायची. मग थांबली. बाई मला म्हणाल्या, "अग्लायाताई, 'कधीच नाही' हे मी आज पहिल्यांदा कुणाला शिकवलं." आणि ओंजळीत तोंड घालून रडल्या.

मी तिथे कशी अडकले ते तू कधी विचारलं नाहीस. गिरणी बंद झाली, त्रायान मला विधवा करून गेला, घरात भांड्यांशी बोलायची वेळ आली होती. तू परदेशी म्हातारी सांभाळायच्या कामावर जाताना म्हणालीस, "अधूनमधून बघून ये तिला," म्हणून शनिवारी बघायला जायची. पहिल्या शनिवारी ती मला चावली. दुसऱ्या शनिवारी मी लोकर घेऊन गेले, ती हातात दिली, तर पोरीने धागा चिमटीत धरून असा सरकवला की माझ्या अंगावर काटा आला. जाड कुठे, बारीक कुठे, गाठ कुठे, सगळं बोटांना कळत होतं. आपला तो टकल्या मुकादम भिंग लावून जे शोधायचा ते ही पोर बसल्या जागी शोधत होती. तुझी बोटं आहेत तिची, झाम्फिरा. त्या दिवसापासून मी दर शनिवारची ठरलेली झाले. पगार नाही, नुसतं येणं. पेत्राके मला "फुकटातली बाई" म्हणायचा. "आली का फुकटातली बाई? या, तुमच्याशिवाय देश अडला होता."

हातात हात घालून बोलायला शिकलो आम्ही दोघी. पाव म्हणजे मुठीच्या पाठीवर दोनदा घासणं. पाऊस म्हणजे बोटांची टपटप. रागावले म्हणजे कोपराला चिमटा, तो तिने शोधून काढला, मी नाही. मक्याची उकड नको असली की माझ्या हातावर ती असा काही चिखल थापायची की मला हसू आवरायचं नाही. एकदा उन्हात झोक्यावर बसलेली असताना तिने माझा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला, आणि आतून गुंजारव केला. गात होती की नुसतीच घशाशी खेळत होती, देव जाणे. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं आपलं म्हटलेलं नाही. हे तुला लिहायला नको होतं कदाचित, पण खरं आहे.

आता तुझ्या ऑगस्टमधल्या सुट्टीबद्दल. बाईंचा नियम असा की माणूस येणार त्याच दिवशी सकाळी खूण डब्यातून काढून हातात द्यायची, आधी नाही, कारण 'पुढच्या आठवड्यात' हे त्या पोरांच्या हातावर अजून कुणाला सांगता आलेलं नाही. तू येणार होतीस आणि आली नाहीस त्या पहिल्या वर्षी सकाळी क्लिप तिच्या हातात दिली. तिने स्वतः निळा फ्रॉक शोधून काढला. फाटकाशी पेत्राकेच्या स्टुलावर जाऊन बसली, क्लिप मुठीत. बस आली, फाटकाशी थांबून पुढे गेली. पेत्राके तिला सूर्यफुलाच्या बिया सोलून देत राहिला, स्वतः एक खाल्ली नाही. जेवणाला उठली नाही, झोक्याला उठली नाही. संध्याकाळी बाईंनी आणि मी तिला उचलून आत नेलं तेव्हा तळहातावर क्लिपच्या दातांचे वळ उमटले होते. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला की म्हातारी पडली, रजा मिळाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा दिली. तेव्हा ती स्टुलावर बसली खरी, पण दुपारच्या जेवणाआधीच उठली, डबा चाचपून काढला, क्लिप आत ठेवली, झाकण लावलं आणि झोक्याकडे गेली. बाईंनी त्यानंतर ती कधी काढून दिली नाही. तू मात्र फोनवर दर वर्षी म्हणत राहिलीस, या ऑगस्टला नक्की. तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू, देते. परक्याच्या म्हाताऱ्या आईला तू कुशीवर वळवत होतीस आणि तुझ्या लेकीचे केस मी विंचरत होते. आणि त्याच वेळी हेही ठाऊक आहे की तू पाठवत होतीस म्हणून तुझ्या आईचं औषध चालू राहिलं, छप्पर राहिलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकदम मनात धरून मला झोप लागत नाही, बस.

वसंतात मी आश्रम बघून आले. माझं कंबरेचं दुखणं असलं तरी पेत्राकेच्या भाच्याची गाडी होती म्हणून जमलं. म्हटलं, तिथल्या बायकांना तिचे हात शिकवून ठेवू. वाईट जागा नाही, झाम्फिरा, तसं समजू नकोस. स्वच्छ आहे, भिंती पिवळ्या, सुपाचा वास बरा. पण एका मजल्याला तीन बायका, आणि पलंग असे लागून लागून की मध्ये खुर्ची मावत नाही. खणांची फळी मी सोबत नेली होती. तिथल्या साहेबांनी सांगितलं की भिंतीला काही ठोकायची परवानगी नाही. एक तरुण परिचारिका होती, जांभया आवरत माझं सगळं ऐकलं तिने. मग म्हणाली, "मावशी, आम्हाला भरवायला वेळ पुरत नाही, तुम्ही गप्पा मारायला कुठे शिकवता?" चिडून नाही म्हणाली, थकून म्हणाली. तरी तिने दोन खुणा शिकून घेतल्या, पाणी आणि संडास. मी निघताना दोन्ही करून दाखवल्या. बरोबर होत्या. एवढ्या वर्षांच्या बोलण्यातून तुझी लेक पाणी आणि संडास एवढं घेऊन जाणार, असं मनात आलं आणि गाडीत मी पेत्राकेच्या भाच्यादेखत रडले. बाहेरच्या माणसांना आत येऊन बसायचीही तिथे परवानगी नाही. नातलगांना रविवारी तासभर, तेही ओळखपत्र दाखवून. मी तिची कोण?

मग निरोप कसा घ्यायचा यावरून माझं आणि बाईंचं वाजलं. मी म्हटलं, माझा पट्टा डब्यात ठेवू. त्या म्हणाल्या, "डबा येणाऱ्यांसाठी आहे, अग्लायाताई. तुम्ही येणार आहात का?" मी म्हटलं, कोण जाणे, नियम बदलतात, येईनही. टोपलीत ठेवावा तर उद्या परत येते असा अर्थ. मी चिडून म्हटलं, "मग काय पुरू म्हणता? मी अजून चांगली जिवंत आहे." डब्यात ठेवायचं मीच ठरवलं. मला वाटलं, तिथल्या त्या पिवळ्या भिंतींत पोरीला वाट बघायला तरी काहीतरी असू दे. वाट बघणं वाईट असतं हे मी फाटकाशी पाहिलं होतं, पण काहीच नसणं त्याहून वाईट असेल असं वाटलं.

निरोपाचा शनिवार आला तो नेमका उन्हाळ्यातला मेलेल्यांचा शनिवार. आदल्या दिवशी मी त्रायानसाठी गहू शिजवले, साखर, अक्रोड, लिंबाची साल, सगळं घालून. दर वर्षी मी ते चर्चच्या अंगणात वाटून संपवते आणि मग शाळेत येते. यंदा म्हटलं, शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने कसं जायचं? भांडं तसंच घेऊन गेले. पेत्राकेने फाटकाशीच बचकभर घेतले, म्हणाला, "देव त्रायानला क्षमा करो, बायको कडक होती पण हात गोड आहे." संचालकांनी दालनात माझा सत्कार केला. भरतकामाचा टॉवेल दिला, छान बोलले, फक्त सबंध भाषणभर मला अनास्तासिया म्हणाले. बाई चिमटा काढून त्यांना सुचवत होत्या, पण ते रंगात आले होते. मी म्हटलं जाऊ दे, अनास्तासियाचं तरी भलं होईल. मग वर गेले, स्मरांडाच्या पलंगाशी बसले, पट्टा तिच्या हाताला लावला. ती हसली. मी कुठलाही घास पहिला तिला देते, तशी गव्हाची पहिली मूठ तिच्या तळहातावर ठेवली.

तिने वास घेतला आणि हात तसाच धरून राहिली. मग खाल्ले, एक एक दाणा. मागून बाई आल्या, त्यांनी भांडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काय दिलंत तिला?" एवढंच म्हणाल्या. मला तेव्हाही उमगलं नाही. आपल्याकडे या शनिवारी गहू वाटायचे असतात म्हणून वाटले, एवढाच माझा विचार. आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. पण त्या पोरीने ते आयुष्यात एकदाच खाल्ले होते, आणि त्या दिवशी परास्किवाची कडी मातीत गेली होती. मी आपली ठरल्याप्रमाणे मनगटावरचा पट्टा उतरवला, डबा उघडला, तिचा हात धरून पट्टा आत ठेवला, झाकण लावलं.

तिने झाकण काढलं. आधी पट्टा चाचपला, गाठीवर बोट फिरवलं. मग खाली तुझी क्लिप लागली. ती पण काढली. दोन्ही मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. मला वाटलं खेळते आहे. मग उठली, दोन्ही एका मुठीत घेतलं, दुसऱ्या हाताने माझं बोट धरलं आणि मला जिन्यावरून खाली, स्वयंपाकघराच्या दारावरून मागच्या अंगणात घेऊन गेली. वाट तिला पाठ होती. अक्रोडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून तिने हाताने उकरायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले. तिने ते शांतपणे सोडवून घेतले. पट्टा ठेवला. त्यावर क्लिप ठेवली. माती लोटली, थोपटली, आणि मातीने भरलेल्या तळव्याने तळवा पुसला. झालं.

माझा पट्टा गव्हाच्या घोळाने गेला असं मी म्हणू शकते. बाई म्हणतात, घोळ कसला, तिला बरोबरच कळलं. पण क्लिपचं काय? गहू काही मी तुझ्या नावाने दिले नव्हते. ती तिने आपल्या मनाने घेतली. उभी राहिल्यावर मी तिचा हात माझ्या मनगटावर ठेवला. मीच होते, साबण तोच, हात तेच, कातडीवर पट्ट्याचा वळ अजून ताजा. वासाने तिने मला ओळखलं नसेल हे शक्य नाही. ते उघडं मनगट तिने एकदा चाचपलं, आणि सोडून दिलं. खुर्ची वाटेत आली की बाजूला करते तसा माझा दंड बाजूला करून ती आत गेली. मी तिथेच उभी होते, झाम्फिरा, जिवंत, हातात गव्हाचं भांडं. संध्याकाळी तिच्या उशाशी बसले तर ती भिंतीकडे वळली. रविवारीही तेच. मी नवा पट्टा विणायला बसले आणि अर्ध्यावर उसवून टाकला. कुठल्या तोंडाने तो तिच्या हातात देणार होते, आणि एका दिवसासाठी?

सोमवारी गाडी आली. तुदोसेबाईंनी अंगठी तिच्या बोटांना लावली आणि मग काढून खिशात टाकली, तिला कळेल असं. ती मान खाली घालून उभी राहिली. पेत्राकेची मिशी मात्र तिने दोन्ही हातांनी ओढली, आणि त्या माणसाने या खेपेला एकही शिवी दिली नाही. त्याची खूण चेहऱ्यावरच होती, म्हणून त्याला निरोप मिळाला. मी दोन पावलांवर उभी होते. डबा तिने मांडीवर घेतला होता, रिकामा. तिकडच्या त्या तरुण परिचारिकेने त्यात बिस्किटं जरी ठेवली तरी मला चालेल. गाडीचं दार लागलं. पेत्राके म्हणाला, "चला अग्लायाबाई, आत या, लिंडनच्या फुलांचा चहा टाकतो." मी आत गेले नाही. शाळेत मी आता पुन्हा जाणार नाही, बाईंना तसं सांगून टाकलं आहे. त्यांनी नवी आलेली एक मुलगी दाखवली, सहा-सात वर्षांची, मुठी आवळून बसलेली. मला जमायचं नाही.

आता तुझं उत्तर. तू म्हणालीस, म्हातारी गेली, तिकीट काढलंय, या ऑगस्टातल्या मारियेच्या सणाला आश्रमात पोचतेय आणि आता कायमची येतेय. "क्लिप तिच्या हातात देऊन ठेव, सांग तिला, आई येतेय." झाम्फिरा, क्लिप नाही. ती मातीत आहे. काल मी चमचा घेऊन अक्रोडाखाली गेले होते. माती अजून भुसभुशीत आहे, दोन मिनिटांचं काम होतं. पण परास्किवा मातीतून परत आली नाही, एवढी एकच गोष्ट आम्ही त्या पोरीला अशी शिकवली होती की ती कधी खोटी ठरली नाही. ती मी कोणत्या हाताने खोटी करू? तशीच परत आले. यायचं तर ये. पण मोकळ्या केसांनी ये, धावत जाऊन मिठी मारू नकोस, ती चावेल. तिच्या हातात नवं काहीतरी दे, जे तू पुन्हा कधी अंगावरून उतरवणार नाहीस, आणि मुठीच्या पाठीवर दोनदा घासून पाव दे. कुणीतरी नवी बाई आली आहे, एवढंच तिला कळेल. रविवारचा तासभर मिळेल, त्यात वर्षं जातील, आणि ती तुला आई म्हणून कधी धरेल असं मी लिहू शकत नाही. तिची आई अक्रोडाखाली आहे, माझ्या शेजारी.

तुझीच, गिरणीतल्या शेजारच्या साच्यावरची,
अग्लाया